जमाखर्ची कंपन्यांचा धंदा

कारखाना नाही, माल नाही, नोकरचाकर नाहीत, पण ताळेबंद भरभक्कम. अशा कंपन्या तयार ठेवून गिऱ्हाइकाला विकण्याचा धंदा कोलकात्यात अनेक वर्षे बिनबोभाट चालला. तिथल्या बोलीत त्या ‘जमाखर्ची’ कंपन्या. संचालक म्हणून सही करायला शिपाई, ड्रायव्हर, कारकून असे कोणीही चाले आणि एकाच खोलीच्या पत्त्यावर कित्येक कंपन्या नोंदलेल्या असत.

कसब होते ते ताळेबंद फुगवण्यात. समजा, अशा एका कंपनीने दहा रुपयांचा शेअर ४९० रुपयांच्या अधिमूल्याने दुसरीला विकला, दुसरीने आपला तिसरीला आणि तिसरीने पहिलीला. तीच रक्कम चेकने फिरून मूळ जागी येई, पण तिन्ही कंपन्यांच्या वहीत भांडवल चढलेले असे आणि मालमत्तेच्या बाजूला एकमेकींचे शेअर. मग गिऱ्हाईक येई. ते दलालाला रोकड देई. दलाल आपले कमिशन कापून ती चेकच्या रूपाने कंपनीत आणी, वहीतले शेअर त्या बदल्यात विकल्याचे दाखवी आणि कंपनी नाममात्र किमतीत गिऱ्हाइकाच्या माणसांच्या नावावर करून देई. तीच कंपनी पुढे त्याच्या खऱ्या उद्योगात भागभांडवल घाली. काळी रोकड अशी गोरी होऊन घरी परते, आणि प्रत्येक पायरीवर पॅन, ठराव, चेक सगळे जागच्या जागी.

कायद्याची भूमिकाही काही काळ या धंद्याला सोयीची ठरली. लव्हली एक्स्पोर्ट्स प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कंपनीने भागधारकांची नावे दिली आणि ते बोगस निघाले, तर प्राप्तिकर खात्याने त्या भागधारकांना वैयक्तिकरीत्या गाठावे. ती रक्कम कंपनीचे अघोषित उत्पन्न धरता येणार नाही. शेवटी २०१२ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याचे कलम ६८ बदलले, आणि भागधारकाने आपल्याकडे पैसा कुठून आला हेही पटवून देणे भाग पडले.

बँकांवरचा पहारा तुलनेने उशिरा बसला. मनी लाँडरिंग रोखण्यासाठीची ‘एफएटीएफ’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ ची. भारत तिचा सदस्य झाला २०१० मध्ये. रिझर्व्ह बँकेने २००२ मध्ये ‘केवायसी’च्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. दहा लाखांवरच्या रोख व्यवहाराची आणि कोणत्याही संशयास्पद व्यवहाराची खबर वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देणे बँकांना बंधनकारक ठरले.

पण केवायसी म्हणजे मुख्यतः कागद तपासणे, आणि अशा पोकळ ‘शेल’ कंपनीजवळ कागद सोडून दुसरे काही नसतेच. बँक ऑफ बडोदाच्या दिल्लीतील अशोक विहार शाखेचे प्रकरण २०१५ मध्ये उघडकीस आले. ५९ चालू खात्यांतून सुमारे सहा हजार कोटी रुपये बाहेर गेले होते, मुख्यतः हाँगकाँगला. कारण दाखवले होते आयातीच्या आगाऊ रकमेचे: काजू, डाळी, तांदूळ. यातला माल देशात आलाच नाही. प्रत्येक रक्कम एक लाख डॉलरच्या आत ठेवलेली. त्यावरच्या रकमांनाच चौकशीची चाळणी होती.

नोटाबंदीनंतर सरकारने झाडू उचलला. सलग दोन वर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्यांची नोंदणी २०१७-१८ मध्ये रद्द झाली. त्याच मोहिमेत सेबीने ७ ऑगस्ट २०१७ रोजी ३३१ संशयित कंपन्यांच्या शेअरव्यवहारांवर निर्बंध घातले. त्यांतल्या काहींना अपील न्यायाधिकरणाने चार दिवसही जाऊ न देता दिलासा दिला. घाई झाली होती हे उघड आहे: कंपनी कायद्यात ‘शेल कंपनी’ची व्याख्याच नव्हती.

त्यानंतरचे नियम कागदामागच्या माणसाकडे वळले. २०१८ पासून किमान दहा टक्के हिस्सा अप्रत्यक्षपणे बाळगणाऱ्या खऱ्या लाभधारकाने स्वतःला जाहीर करावे लागते. २०१९ मध्ये कंपन्यांकडून नोंदणीकृत कार्यालयाचे छायाचित्र मागवले गेले, तेही आत निदान एक संचालक दिसेल असे. बँकांसाठी लाभधारक ओळखण्याची मर्यादा मार्च २०२३ मध्ये २५ टक्क्यांवरून दहावर आली. मे महिन्यात गिऱ्हाइकाच्या वतीने कंपनी स्थापणारे किंवा त्याचा पैसा हाताळणारे चार्टर्ड अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरीही मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले. वकिलांचे नाव त्या अधिसूचनेत नव्हते.