पातेल्यातील कॉफी

एखाद्या पेयाचा इतिहास सांगताना ते कोठून आले, कोणी आणले आणि कोणत्या राज्यकर्त्याने त्यावर बंदी घातली, एवढे सांगून लेखक बहुधा थांबतात. ते कोणत्या भांड्यात सिद्ध झाले, हा प्रश्न स्वयंपाकघरातला म्हणून मागे पडतो. आमच्या मते कॉफीच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. खानदेशात चहा घरचा झाला आणि कॉफी पाहुणीच राहिली. या भेदाची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक आपल्या फळीवरच्या भांड्यांत दडलेले आहे आणि त्याकडे आजवर फारसे कोणी पाहिलेले नाही.

वास्तविक कॉफीची ओळख या मुलखास उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून, म्हणजे खानदेशातूनच जात असे. इंग्रज वकील सर टॉमस रो हा १६१५ साली सुरतेहून निघून बऱ्हाणपूरमार्गेच अजमेरास गेला. पुढल्या वर्षी हिंदुस्थानात आलेला त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवर्णनात कॉफीची नोंद केली आहे; धर्मनिष्ठ लोक मद्य वर्ज्य करून हे काळे, ऊन पेय घेतात, असा त्याचा आशय आहे. सुरतेची गलबते कापड घेऊन तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरास जात व परतताना कॉफी आणीत. बऱ्हाणपूरचे तलम कापड त्या काळी इराण-तुर्कस्तानापर्यंत प्रसिद्ध होते. तात्पर्य, आज भुसावळजवळ जेथे दीपनगरची वीजकेंद्राची वसाहत उभी आहे, त्या टापूच्या दारावरूनच कॉफीचा व्यापार चालत होता. मात्र ती दारावरून गेली, उंबरठा ओलांडून आत आली नाही. सरदार, सौदागर आणि प्रवासी यांचे ते पेय होते; शेतकऱ्याचे नव्हते, गृहिणीचे तर नव्हतेच.

दक्षिणेत निराळे घडले. बाबा बुदन या सूफी सत्पुरुषाने सतराव्या शतकात मोख्याहून सात दाणे आणून चिकमंगळूरच्या डोंगरात रुजविले, ही कथा सर्वश्रुत आहे. एकोणिसाव्या शतकात म्हैसूर, कुर्ग, निलगिरी या प्रदेशांत मोठे मळे झाले. १८६९ पासून सिलोनात तांबेरा रोगाने कॉफीची झाडे मारली आणि ते बेट पुढे चहाकडे वळले. दक्षिण हिंदुस्थानाने मात्र रोगाशी झगडत कॉफी टिकविली. १९२५ साली बाळेहोन्नूर येथे संशोधन केंद्र निघाले. तेथे सिद्ध झालेला ‘एस. ७९५’ हा वाण आजही जाणकारांच्या आवडीचा आहे. तमिळ व कानडी कुटुंबांना कॉफी अशी जवळच्या डोंगरावरून मिळत होती. मराठी माणसास चहा आणि कॉफी दोन्ही सारखीच परकी होती.

दोन परक्यांत चहाची सरशी झाली, कारण त्याच्या पाठीशी संघटित प्रचार होता. चहावरील कर १९०३ पासून बसला आणि त्या पैशातून पुढे रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांत व बाजारांत चहा पाजून लोकांस त्याची गोडी लावण्यात आली. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी अशा प्रचारास किती वाव असेल हे सांगावयास नको. कॉफीवरील कर १९३५ साली आला आणि मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस १९३६ साली निघाले. म्हणजे तीस वर्षे उशीर झाला. शिवाय चहाच्या वाट्यास भांडणाची कीर्तीही आली होती. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. कॉफीवरून मराठी समाज असा कधी भांडला नाही. आणि ज्यावरून भांडण होत नाही, ते समाजाच्या फार जवळ आलेले नसते.

आता भांड्याकडे वळू. दक्षिणी घरात कॉफीसाठी पितळेचे स्वतंत्र यंत्र असते. दोन डबे एकावर एक. वरच्याच्या तळास बारीक छिद्रे. त्यात पूड दाबून भरावयाची, वर कढत पाणी ओतावयाचे आणि झाकण ठेवून वाट पाहावयाची. खाली थेंबाथेंबाने दाट अर्क साठतो, पूड उकळत राहत नाही आणि म्हणून कडवटपणा मर्यादेत राहतो. हा अर्क ऐन वेळी गरम दुधात मिसळतात. या यंत्राने त्या घरास एक शिस्त दिली: दाणा कोणता, भाजणी किती, दळण किती जाड, चिकोरी घालावी की नाही, याची चर्चा नित्याची झाली. ‘पीबेरी’, म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेला दाणा, आणि ‘प्लँटेशन ए’, म्हणजे धुऊन सिद्ध केलेला मोठा अरेबिका दाणा, ही नावे तेथे गृहिणीच्या तोंडी असतात.

हा भेद भाषेचा किंवा रक्ताचा नव्हे, याचा पुरावा आपल्याच लोकांत आहे. व्यंकोजी राजांच्या मागोमाग सतराव्या शतकात जे मराठे व ब्राह्मण तंजावरास गेले, त्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात आणि कॉफी मात्र फिल्टरचीच पितात. कुंभकोणमची प्रसिद्ध ‘डिग्री कॉफी’ त्याच मुलखातली. भाषा मराठी राहिली; फळीवर नवे भांडे आले आणि त्यासरशी रुचीही बदलली.

आमच्याकडे कॉफी आली ती पातेल्यात. दूध-पाणी उकळावयाचे, साखर घालावयाची, पूड टाकून आणखी एक उकळी आणावयाची, वर जायफळ किसून घालावयाचे आणि कपड्यातून किंवा गाळण्यातून गाळावयाचे. हिला आज कित्येक तरुण रसिक हसतात. पूड उकळली की तिचा सुगंध उडतो आणि कडू द्रव्ये उतरतात, हे त्यांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या खरे आहे. पण जुन्या गृहिणीपुढे कोणती पूड होती याचा विचार ते करीत नाहीत. केव्हाचा भाजलेला, कोठे दळलेला, खानदेशी उन्हाळ्यात पुडीत बांधून राहिलेला आणि बहुधा चिकोरी मिसळलेला तो माल होता. अशा मालाचा सुगंध राखावयाचा तर आधी तो असावा लागतो. तिने बासुंदी, श्रीखंड आणि पुरण यांच्या शेजारचे जायफळ उचलले आणि कॉफीस दुधाच्या पक्वान्नांच्या पंक्तीत बसविले. जे झोप घालविते त्यात झोप आणणारे म्हणून मानलेले जायफळ घालण्यात तर्क नसेल; रुची मात्र निश्चित आहे. तो अडाणीपणा नव्हे, हाताशी असलेल्या साधनांनी काढलेली वाट होती.

पुढे झटपट कॉफी आली. १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या नेसकॅफेच्या जातीची ही पूड पाण्यात विरघळते. तिने गाळण्याचीही गरज ठेवली नाही. आता चक्र उलट फिरले आहे. दीपनगरसारख्या वसाहतीतही चिकमंगळूरचे ताजे भाजलेले दाणे घरपोच मागविता येतात. त्याबरोबर घरात हातचक्की येते, १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने टिपकागदापासून काढलेल्या युक्तीची कागदी गाळणी येते, १९३३ च्या सुमाराची इटालियन मोका किटली येते. ही किटली वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढविते, म्हणून तिची कॉफी दाट व तीव्र. कागदातून उतरलेली निर्मळ व हलकी. एकास पीबेरी रुचते, तर दुसऱ्यास ‘मॉन्सून्ड मलबार’. शिडाच्या जहाजांतून महिनोगणती युरोपास जाताना दाणे दमट हवेने फुगून पिवळसर होत. तीच चव आता पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वारे मुद्दाम देऊन साधतात.

हे सारे स्वागतार्ह आहे. कॉफीस अखेर आमच्या घरात स्वतःचे भांडे मिळत आहे आणि ज्या पेयास भांडे मिळाले ते टिकते, हे दक्षिणेने दाखविलेच आहे. परंतु या नव्या रसिकतेत एक धोका आम्हांस दिसतो. फिल्टरच्या कॉफीमागे तिचे यंत्र आहे, मोक्याच्या कॉफीमागे तिची किटली आहे. जायफळाच्या कॉफीमागे असे काहीच नाही. तिचे माप कोणत्याही डब्यावर छापलेले नाही. ते आजी-मावशीच्या चिमटीत आहे आणि त्या हातांबरोबर ते नाहीसे होईल.

म्हणून नवी चक्की घेणाऱ्यांस आमची एक सूचना आहे. तिच्यातून निघालेली पहिली ताजी पूड घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हाती द्यावी. अर्क वेगळा उतरवून दूध मागून घालावे, जायफळ अगदी शेवटी किसावे, आणि तिला चव विचारावी. दाणा चांगला असता ही कॉफी काय झाली असती, याचे उत्तर आजवर आपल्या घरांत फार थोड्यांना मिळाले. ते मिळविण्याचे साधन आणि ते माप जाणणारे हात, दोन्ही आज एकाच घरात आहेत. हा योग फार वर्षे राहणार नाही.