उतारावरचं न्यूट्रल

१२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. निषेध होता पेट्रोलच्या भाववाढीचा. महिनाभरापूर्वीच अरब-इस्रायल युद्ध पेटलं होतं आणि अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली होती. बॅरलमागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ उजाडता उजाडता अकरा डॉलरच्या पुढे गेला.

बैलगाडीचा फोटो लोकांच्या लक्षात राहिला. त्या काळाने मागे ठेवलेली दुसरी गोष्ट मात्र आजही रोज रस्त्यावर दिसते, ती म्हणजे इंधन वाचवण्याच्या सवयी. गाडी घेताना ‘अॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आधी विचारायचा. सिग्नलला इंजिन बंद करायचं. आणि उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यायची. या सगळ्या सवयी एकाच माळेचे मणी वाटतात, पण तसं नाही. काही सवयी जीव वाचवतात, काही घेतात.

आधी जीव वाचवणारी सवय पाहू. २ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि देशभर महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली. हेतू फक्त तेल वाचवण्याचा होता. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सुसाट गाडी बरंचसं इंधन नुसती हवा कापण्यात घालवते. पण वर्षअखेरीस मोजणी झाली तेव्हा भलतंच हाती लागलं. १९७३ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती, १९७४ साली सुमारे ४५ हजार. लोकांनी गाड्या कमी चालवल्या, हेही त्यामागचं एक कारण होतं. तरी कमी वेगाचा वाटा मोठा होता. तेलासाठी आणलेली मर्यादा पुढे सुरक्षिततेच्या नावाखाली टिकली आणि १९९५ मध्ये रद्द झाली.

भारतात १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, स्थापन झाली. तिचा सल्लाही याच जातीचा होता: गाडी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा. या सल्ल्यात धोकादायक काही नाही. उलट, पुढचा सिग्नल लाल दिसताच अॅक्सिलरेटर सोडणारा माणूस पेट्रोलही वाचवतो आणि मागच्याला सावरायला वेळही देतो.

आता न्यूट्रलकडे येऊ. ही सवय मूर्खपणातून जन्मली नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन फिरत असेपर्यंत थोडं पेट्रोल ओढलं जायचंच. मग उतारावर इंजिन वेगाने फिरू देण्यापेक्षा न्यूट्रल करून मंद चालू ठेवणं परवडायचं. टू-स्ट्रोक गाड्यांत तर आणखी एक अडचण होती. त्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. लांब उतारावर थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन जोरात फिरतं, पण वंगण पुरेसं मिळत नाही. म्हणून स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत ‘फ्रीव्हील’ बसवलं होतं. पाय उचलला की चाकं इंजिनपासून आपोआप सुटी होत, सायकलचं पेडल थांबवल्यावर होतात तशी.

इंजिनं बदलली, तसं हे कारण संपलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडलात, की संगणक इंधन तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि खर्च शून्य होतो. न्यूट्रल केलंत, तर इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जाळावं लागतं. सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी थोडी लांब घरंगळते, एवढाच काय तो फायदा. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांमुळे नव्या मोटरसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर आल्या. तरी ‘उताराला न्यूट्रल’ हा काका-मामांचा सल्ला अजून तसाच चालू आहे.

डिझेल ट्रकची गंमत तर आणखी वेगळी. जुन्या डिझेल पंपातला गव्हर्नरही उतारावर पाय सोडल्यावर डिझेल तोडतच असे. म्हणजे ज्या तीव्र घाटात गिअरची सर्वाधिक गरज, तिथे न्यूट्रल करून वाचत काहीच नव्हतं.

आणि जातं काय, तेही पाहा. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची संपते. २५ टनांच्या ट्रकने एवढं उतरायचं तर साडेतीन लिटर डिझेलमध्ये असते तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गिअरमध्ये असताना मोठा भार इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये तो जवळजवळ सगळा ब्रेकवर येतो. लायनर तापतात, जळका वास सुटतो आणि मग कितीही दाबा, ब्रेक लागत नाही. इंजिनच बंद केलं, तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते, नवी येत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याचसाठी होता.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी संध्याकाळी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका मालवाहू वाहनाने डझनावारी गाड्यांना धडक दिली. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आलं.

हे वाचून ड्रायव्हरला शिव्या घालणं सोपं आहे. पण जिथे फेरीसाठी ठरावीक डिझेल मिळतं आणि त्यातलं वाचेल ते त्याचं, तिथे अॅव्हरेज हा त्याच्या पगाराचाच भाग असतो. दुसरीकडे, पोट भरलेल्यांनीही हेच खेळ केले आहेत. २००८ साली तेल बॅरलमागे १४७ डॉलरवर गेलं, तेव्हा अमेरिकेत ‘हायपरमायलिंग’चं वेड पसरलं. हवेचा अडथळा टाळायला ट्रकच्या अगदी मागे चिकटून गाडी चालवणं आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद करणं हेही त्यात आलं. ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशाने तो त्या वर्षीचा शब्द ठरवला.

इंधन वाचवणाऱ्या कुठल्याही युक्तीला एकच प्रश्न विचारावा: याने माझा वेग कमी होतो, की माझा ताबा? वेग कमी करणारी काटकसर सगळ्यांच्याच फायद्याची. ताबा कमी करणाऱ्या काटकसरीत वाचलेले दहा-वीस रुपये आपले असतात आणि धोका उताराच्या तळाशी सिग्नलला थांबलेल्या माणसाचा. त्याला कुणी विचारलेलंही नसतं.