रिपर–पत्रे

लंडनच्या ईस्ट एंड विभागातील व्हाइटचॅपेल व त्यालगतच्या वस्त्यांत १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात झालेल्या आणि अद्याप न उलगडलेल्या स्त्रीहत्यांसंबंधी पोलीस, वृत्तसंस्था, वृत्तपत्रे व खाजगी व्यक्ती यांना आलेली निनावी वा टोपणनावाची पत्रे. त्यांची संख्या काही शेकड्यांच्या घरात जाते. ‘जॅक द रिपर’ (चिरफाड करणारा जॅक) हे नाव जगाला दिले ते खुन्याने नव्हे, तर या पत्रांपैकी एकाने. ते पत्र बहुधा खुन्याचे नव्हतेच. परंतु त्यातील नावाने तपासाला, वृत्तपत्रांना आणि पुढील इतिहासलेखनालाही एक बोलका, उपहासखोर खुनी पुरविला.

सर्वसाधारणपणे एकाच खुन्याच्या मानल्या जाणाऱ्या हत्या पाच आहेत : मेरी अ‍ॅन निकल्स (३१ ऑगस्ट), अ‍ॅनी चॅपमन (८ सप्टेंबर), एलिझाबेथ स्ट्राइड व कॅथरिन एडोज (दोघी ३० सप्टेंबर) आणि मेरी जेन केली (९ नोव्हेंबर). या स्त्रिया दारिद्र्याने गांजलेल्या होत्या. त्यांतील बहुतेकींचा मुक्काम रात्रीपुरती खाट भाड्याने देणाऱ्या निवासांत असे. चॅपमनच्या हत्येपर्यंत वृत्तपत्रे संशयिताला ‘लेदर एप्रन’ (कातडी आंगरखेवाला) म्हणत. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चर्मकारास १० सप्टेंबर रोजी पकडण्यात आले, पण तो निर्दोष असल्याचे दिसून आल्याने त्याला सोडून द्यावे लागले. त्यामुळे सप्टेंबरच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांना बातमी होती, पण खुन्याला नाव नव्हते.

ही उणीव २७ सप्टेंबर रोजी ‘सेंट्रल न्यूज’ या वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्राने भरून काढली. पत्रावर २५ सप्टेंबर ही तारीख होती, मजकूर लाल शाईत होता आणि प्रारंभीच्या ‘डिअर बॉस’ या संबोधनावरून ते पुढे ओळखले जाऊ लागले. लेखक ‘लेदर एप्रन’ प्रकरणाची टर उडवितो, पोलिसांना हिणवितो, पुढील बळीचे कान कापून पाठविण्याची धमकी देतो आणि पुढची हत्या होईपर्यंत पत्र राखून ठेवावे, अशी सूचना करून ‘जॅक द रिपर’ अशी सही करतो. सेंट्रल न्यूजने ते २९ सप्टेंबर रोजी स्कॉटलंड यार्डकडे पाठविले. त्याच रात्रीनंतर काही तासांत स्ट्राइड व एडोज यांच्या हत्या झाल्या. एडोजच्या कानाची पाळी कापली गेली होती, म्हणून पत्राला एकाएकी महत्त्व आले. मात्र तिच्या चेहऱ्यावर इतरही अनेक वार होते आणि कान कोणालाही पाठविण्यात आले नाहीत, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १ ऑक्टोबरच्या टपालशिक्क्याचे एक पोस्टकार्ड त्याच संस्थेकडे आले. त्यात दुहेरी हत्येचा उल्लेख असल्याने ते खुन्याचेच, असा समज पसरला. पण त्या दिवशी सकाळच्या वृत्तपत्रांतून दोन्ही हत्यांची बातमी सर्वांना कळली होती आणि डिअर बॉस पत्राचा मजकूरही छापून आला होता.

यानंतर पोलिसांनी घेतलेला निर्णय या प्रकरणात सर्वांत दूरगामी ठरला. पत्र व पोस्टकार्ड यांच्या हस्ताक्षराची हुबेहूब प्रतिकृती छापून पोलिसांनी भित्तिपत्रके लावली. वृत्तपत्रांनीही ती छापली. अक्षर ओळखणारा कोणीतरी पुढे येईल, ही त्यामागील अपेक्षा. महानगर पोलिसांचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी १० ऑक्टोबर रोजी गृहखात्याला कळविले, की आपल्याला हा सर्व प्रकार फसवणुकीचा वाटतो, तथापि लेखकाचा शोध घेणे भाग आहे. म्हणजे ज्या पत्रावर आयुक्तांचाच विश्वास नव्हता, त्यावर शासकीय प्रसिद्धीची मोहोर उमटली. अक्षर ओळखणारा कोणी पुढे आला नाही. पण त्या नावाने लिहिणारे मात्र देशभरातून पुढे आले.

या पुराला सामाजिक परिस्थितीही अनुकूल होती. इंग्लंडमध्ये १८४० पासून एका पेनीत पत्र जात असे, १८७० पासून अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड मिळू लागले होते, तर त्याच वर्षीच्या शिक्षण अधिनियमानंतर लिहितावाचता येणारी नवी पिढी वयात आली होती. स्वस्त सायंदैनिकांना या वाचकवर्गाची गरज होती, टी. पी. ओकॉनर यांचे स्टार हे त्यांपैकी एक, ते १८८८ च्या जानेवारीतच सुरू झाले होते. पत्रलेखकांत थट्टेखोर होते, भ्रमिष्ट होते, शेजाऱ्यावर सूड उगविणारे होते आणि पोलिसांवर मनापासून रुष्ट असलेलेही होते. ब्रॅडफर्ड येथे अशी पत्रे लिहिणाऱ्या एका तरुणीला पकडण्यात येऊन शांतता राखण्याच्या हमीवर सोडण्यात आले. आलेल्या पत्रांची शहानिशा करण्यात त्या वेळी पोलिसांपाशी विशेष साधनही नव्हते. अंगुलिमुद्रांच्या वर्गीकरणाची पद्धत बंगाल पोलिसांत विकसित होऊन १९०१ मध्ये लंडनला पोहोचली. १८८८ मध्ये अक्षरांची तुलना व टपालशिक्का एवढ्यावरच भागवावे लागे.

या ढिगातील एक पत्र मात्र वेगळे ठेवावे लागते. माइल एंड येथील नागरिकांच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना १६ ऑक्टोबर रोजी एक लहान पेटी मिळाली. तीत मद्यार्कात ठेवलेले अर्धे मूत्रपिंड व ‘नरकातून’ अशा शब्दांनी सुरू होणारे, अशुद्ध लेखनाने भरलेले पत्र होते. त्यावर ‘रिपर’ ही सही नव्हती. एडोजचे डावे मूत्रपिंड खुन्याने काढून नेले होते. लंडन हॉस्पिटलमधील डॉ. टॉमस ओपनशॉ यांनी पेटीतील अवयव मानवी असल्याचे मत दिले. मद्यपी स्त्रीचे वगैरे जे तपशील वृत्तपत्रांनी त्यांच्या तोंडी घातले, ते त्यांनी नाकारले. शवविच्छेदनगृहातून असा अवयव वैद्यकीय विद्यार्थ्यांना सहज मिळू शके, ही शक्यता तेव्हाही मांडली गेली. खुन्याचे असू शकेल असे एखादे पत्र असेलच, तर ते हे, एवढेच म्हणता येते.

डिअर बॉस पत्राविषयी पोलीस अधिकाऱ्यांचे मत पुढे उघड झाले. सर रॉबर्ट अँडरसन यांनी १९१० मध्ये आठवणींत ते एका पत्रकाराची निर्मिती असल्याचे लिहिले. सर मेल्व्हिल मॅकनॉटन यांनीही १९१४ मध्ये तोच संशय व्यक्त केला. माजी मुख्य निरीक्षक जॉन लिटलचाइल्ड यांनी १९१३ च्या एका खाजगी पत्रात, स्कॉटलंड यार्डमधील समजुतीनुसार म्हणून, सेंट्रल न्यूजच्या टॉमस बुलिंग यांचे नावच दिले. हे पत्र १९९३ मध्ये उजेडात आले. ५ ऑक्टोबर १८८८ रोजी याच बुलिंग यांनी आणखी एका ‘रिपर’ पत्राची केवळ नक्कल पोलिसांना पाठविली होती. आणखी एक गोष्ट बोलकी आहे : सामान्य माणसाला वृत्तपत्राचे नाव ठाऊक असते, त्याला बातम्या पुरविणाऱ्या संस्थेचे क्वचितच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०९ पत्रांच्या भाषिक विश्लेषणातही डिअर बॉस पत्र व पोस्टकार्ड एकाच लेखकाचे असावे, असा निष्कर्ष निघाला. मात्र या सर्वांमुळे बुलिंग यांच्यावरील आरोप सिद्ध होतो असे नाही. त्यावरचा संशय बळकट होतो इतकेच.

मूळ पत्रांची वासलातही चमत्कारिक झाली. डिअर बॉस पत्र पोलीस दप्तरातून नाहीसे झाले आणि १९८७ मध्ये पाठविणाऱ्याच्या नावाविना टपालाने परत आले. ते आता क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पोस्टकार्ड व लस्क यांना आलेले पत्र हरवले असून त्यांचा अभ्यास प्रतिकृती व छायाचित्र यांवरूनच करावा लागतो.

या पत्रांचा परिणाम व्हिक्टोरियन काळापुरता राहिला नाही. यॉर्कशरमधील स्त्रीहत्यांच्या तपासात १९७८–७९ मध्ये ‘जॅक द रिपर’ अशा सहीची तीन पत्रे व त्यापाठोपाठ जून १९७९ मध्ये एक ध्वनिफीत आली. त्यांची भाषा १८८८ च्या पत्रांचा प्रतिध्वनी वाटावी अशी होती. तपासाधिकाऱ्यांनी ती खरी मानली, फितीतील आवाज जनतेला ऐकविला आणि ज्यांची बोली वा अक्षर त्यांच्याशी जुळत नाही, अशा संशयितांना वगळले. अशा रीतीने पोलिसांनी नऊ वेळा चौकशी करूनही पीटर सटक्लिफ सुटून राहिला. ध्वनिफीत आल्यानंतर आणि जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला जाण्यापूर्वी आणखी तीन स्त्रिया त्याच्या हातून मारल्या गेल्या. पत्रे लिहिणारा इसम सापडला तो २००५ मध्ये, एका लिफाफ्यावरील लाळेच्या डीएनएवरून. २००६ मध्ये त्याला आठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.