‘डच ओव्हन’ : नाव कोणाचे, भांडे कोणाचे?

‘डच ओव्हन’ या नावातील दोन्ही शब्द प्रथमदर्शनी दिशाभूल करतात. वस्तू पाहावी तर ती जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे, ओतीव लोखंडाचे पातेले असते, ओव्हन नव्हे. आणि खुद्द नेदरलंड्समध्ये तिला कोणी ‘डच’ म्हणत नाही. तेथे ती ‘ब्राडपान’ असते, फ्रान्समध्ये ‘कोकोत’, ऑस्ट्रेलियात ‘कॅम्प ओव्हन’. जुन्या इंग्लंडमध्ये तर याच नावाने आणखी एक वस्तू ओळखली जाई: विस्तवासमोर उभी करून मांस भाजण्याची, एका बाजूने उघडी अशी पत्र्याची पेटी. घरच्या स्वयंपाकासाठी असे भांडे घेऊ पाहणाऱ्यापुढे आज जे प्रकार येतात, ते म्हणजे या एका नावाखाली साचलेले इतिहासाचे थर होत. ते उलगडल्याशिवाय निवडही डोळसपणे करता येत नाही.

हा इतिहास इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरापासून सुरू होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी भांडी चिकणमातीच्या साच्यात ओतली जात. प्रत्येक भांड्यासाठी नवा साचा घडवायचा, वाळवायचा आणि भांडे काढताना फोडायचा. साहजिकच भांडी महाग पडत. पितळकामात असलेला एब्राहम डार्बी 1704च्या सुमारास नेदरलंड्सला गेला व तेथील कारागिरांची पितळ ओतण्याची रीत पाहून आला. तीच रीत लोखंडाला लावावी, हा त्याचा विचार. वाळूच्या साच्याचा लाभ असा की एकच फर्मा पुन्हा पुन्हा वाळूत दाबून हवी तेवढी भांडी ओतता येतात. 1707मध्ये डार्बीला फुगीर पोटाची लोखंडी भांडी केवळ वाळूत ओतण्याचे पेटंट मिळाले. भांड्याला चिकटलेले ‘डच’ हे विशेषण या प्रवासातून आले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्याखेरीज डच फेरीवाल्यांकडे किंवा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या जर्मनभाषक वसाहतींकडे बोट दाखवणारी स्पष्टीकरणेही आहेतच.

मात्र पेटंटवर डार्बीचे नाव असले, तरी कथेत आणखी एक पात्र आहे. सॅम्युअल स्माइल्सने 1863च्या आपल्या ग्रंथात थॉमस घराण्यात जपलेली एक हकीकत नोंदवली आहे. डच कारागिरांचे लोखंड ओतण्याचे प्रयोग फसत होते. ते पाहत उभा असलेला जॉन थॉमस हा वेल्श मुलगा म्हणाला, की ते कोठे चुकतात हे मला दिसले आहे. मग मालक आणि तो असे दोघेच रात्रभर ओतशाळेत राहिले आणि पहाटेपूर्वी लोखंडी भांडे तयार झाले. पुढे हे गुपित फोडण्यासाठी त्याला दुप्पट वेतनाचे आमिष दाखवण्यात आले, तरी तो बधला नाही. ही घराण्याची स्मृती असल्यामुळे तिच्यातील नाट्य जपूनच स्वीकारावे लागते. तरीही नावांच्या राजकारणावर ती नेमके बोट ठेवते. राष्ट्राचे नाव भांड्याला मिळाले, मालकाचे पेटंटाला. ज्याच्या नजरेला दोष दिसला, त्याचे नाव कशालाच मिळाले नाही.

डार्बीने नंतर कोलब्रुकडेल येथे भट्टी घेतली आणि 1709मध्ये लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळले. कोकवर गाळलेला हा रस अधिक प्रवाही असल्याने पातळ बाजूंची भांडी ओतण्यास सोयीचा ठरला. 1779मध्ये याच परिसरात लोखंडी पूल उभा राहिला. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात पुलाचे चित्र हमखास छापले जाते. त्याआधीची कित्येक वर्षे ज्या व्यवसायाने भट्टी पेटती ठेवली, तो भांड्यांचा व्यवसाय तळटिपेत राहतो.

अमेरिकेत गेल्यावर या भांड्याला तीन पाय आणि झाकणाला उभी कड आली. पायांमुळे खाली निखारे मावतात, कडेमुळे झाकणावर टिकतात. दोन्हीकडून उष्णता मिळाली की पातेल्याची भट्टी होते. नावातील ‘ओव्हन’ येथे सार्थ ठरतो. मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये. घरी भट्टी नसताना नानकटाई भाजण्यासाठी वर-खाली निखारे ठेवण्याची रीत आपल्याकडेही होती, आणि ओतीव लोखंडाला तर ‘बीड’ हा आपला सुटसुटीत शब्द आहे. घावनाचा बिडाचा तवा आणि हे भांडे एकाच धातूचे.

पुढचा थर 1925चा. उत्तर फ्रान्समधील फ्रेस्न्वा-ल-ग्रां या गावी ओतकाम जाणणारा एक आणि मुलामा जाणणारा एक, असे दोन बेल्जियन एकत्र आले व त्यांनी ‘ल क्रुझे’ ही कंपनी काढली. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मूस. मुशीतल्या तप्त धातूचा नारिंगी रंगच भांड्यांनी घेतला. बेल्जियनांनी फ्रान्समध्ये घडवलेल्या या भांड्यालाही इंग्रजी भाषा ‘डच’च म्हणते.

आता निवडीविषयी. पायांचे भांडे गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही. ते अंगणातल्या निखाऱ्यांसाठी. सपाट बुडाचे साधे बीड चिवट असते, तेल पिऊन वर्षानुवर्षे सुधारत जाते. पण चिंच, कोकम, टोमॅटो त्यात फार वेळ शिजवल्यास धातूची चव उतरते आणि ओले ठेवल्यास गंज चढतो. मुलाम्याच्या भांड्याला आंबटाचे भय नाही. मात्र ते महाग, आणि आपटले किंवा तापलेले असताना गार पाण्याखाली धरले, तर मुलामा उडू शकतो. चार-पाच माणसांच्या घराला पाच-सहा लिटरचे पुरते, परंतु ते भरलेले असताना दोन्ही हातांनी उचलून पाहण्याइतके बळ मनगटात आहे का, हे आधी तपासावे. पाव भाजायचा असल्यास झाकण घट्ट हवे आणि त्याची मूठ भट्टीची उष्णता सोसणारी हवी. आत कोंडलेल्या वाफेमुळेच पावाचा पापुद्रा फुलतो.

आपण मेक्सिकोकडून आलेल्या झाडाला ‘विलायती चिंच’ म्हणतो, तेव्हा त्या नावात चिंचेपेक्षा आपल्या भूगोलाची गोष्ट अधिक असते. ‘डच ओव्हन’चेही तसेच. वस्तूचे नाव तिचा जन्मदाखला नसते. ते लोक तिच्याकडे कोठून पाहत होते, एवढेच सांगते. भाषेच्या विद्यार्थ्याने शब्दकोश मिटल्यावर म्हणूनच ओतशाळेतही डोकावावे. जॉन थॉमससारखी माणसे तेथेच भेटतात.