क्वेर्नावाका : घरोघरची स्पॅनिश

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सुमारे ८५ किलोमीटरवर असलेले क्वेर्नावाका हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणारे गाव म्हणून नावारूपाला आले. मोरेलोस राज्याची ही राजधानी सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसलेली आहे, त्यामुळे हवा बारमाही सुखद. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसने आपला वाडा इथेच बांधला. पुढे मेक्सिको सिटीतल्या धनिकांनीही इथे बंगले उठवले. भाषाशिक्षणाचा धंदा मात्र हवेच्या जोरावर उभा राहिला नाही. तो उभा केला एका पाद्र्याने, आणि हा पाद्री पुढे शाळा या संस्थेचाच जगप्रसिद्ध विरोधक ठरला.

परदेशात जाऊन, तिथल्या कुटुंबात राहून भाषा शिकण्याची प्रथा त्याच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले, आणि पदवीचे तिसरे वर्ष परदेशात काढण्याचा पायंडा पडला. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९२१ मध्येच परदेशीयांसाठी उन्हाळी वर्ग उघडले होते. पुढे वर्षाचे सत्र झाले, सत्राचे काही आठवडे झाले, आणि स्पॅनिशसाठी अमेरिकनांना शेजारचा मेक्सिको सोयीचा व स्वस्त वाटू लागला.

क्वेर्नावाकाचा तो पाद्री म्हणजे इव्हान इलिच. त्यांचा जन्म १९२६ चा, व्हिएन्नातला. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीत पाद्री म्हणून काम करताना त्यांची स्पॅनिश पक्की झाली. १९५६ मध्ये ते पोर्तो रिकोला गेले आणि तिथे न्यूयॉर्कच्या पाद्र्यांना भाषा व लोकरीती शिकवू लागले. १९६१ मध्ये व्हॅटिकनने उत्तर अमेरिकेतल्या धर्मसंघांना आपली दहा टक्के माणसे लॅटिन अमेरिकेत पाठवण्याचे आवाहन केले. या माणसांना तयार करण्यासाठी इलिच यांनी त्याच वर्षी क्वेर्नावाकात केंद्र काढले. स्थानिक बिशप सेर्हिओ मेन्देस आर्सेओ यांचा त्यांना पाठिंबा होता. सुरुवातीला भाड्याने घेतलेल्या एका जुन्या हॉटेलातच वर्ग भरत आणि विद्यार्थीही तिथेच राहत. १९६६ पासून हे काम ‘सिडोक’ या नावाने, चर्चच्या चौकटीबाहेर चालू लागले.

सिडोकमध्ये मनोविश्लेषक एरिक फ्रॉम, शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांच्यासारख्यांची व्याख्याने होत आणि जगभरचे विचारवंत तिथे वाद घालायला येत. या सगळ्याचा खर्च भागे तो भाषावर्गांच्या फीमधून. शिकवणारे बहुतेक गावातलेच, अध्यापनाची पदवी नसलेले लोक. वर्गात मोजकीच डोकी असत. पद्धत अमेरिकेने युद्धकाळात सैनिकांसाठी आणि नंतर राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी विकसित केलेली होती : वाक्य ऐकायचे, म्हणायचे, एक शब्द बदलून पुन्हा म्हणायचे, जीभ वळेपर्यंत. शालेय शिक्षणावर तुटून पडणाऱ्या संस्थेचा संसार घोकंपट्टीवर चालावा, हा योग मजेदारच.

घोकलेले वाक्य बोलते व्हायचे ते घरात. विद्यार्थी वाढले तसे ते गावातल्या कुटुंबांत राहू लागले. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमाराचे. जेवण उरकल्यावरही कोणी लगेच उठत नाही. रिकाम्या ताटांभोवती गप्पा रंगतात, त्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. वर्गातला शिक्षक थांबून, सावकाश बोलतो. टेबलाभोवती मात्र चार जण एकदम बोलतात, अर्धी वाक्ये सोडून देतात, मावशीच्या आजारपणावरून टोमॅटोच्या भावावर उड्या मारतात. परक्याला यात शिरकाव मिळवावा लागतो. क्रियापदांची रूपे घोकलेला विद्यार्थी इथे पहिले काही दिवस नुसते हसून वेळ मारून नेतो आणि मग हळूहळू मध्ये बोलू लागतो.

घरमालकिणीच्या दृष्टीने हा घरबसल्या मिळकतीचा मार्ग होता. खोली आणि जेवणाचे पैसे बहुधा शाळाच ठरवी. एका घरात दोन-तीन परदेशी ठेवले की ते आपापसात इंग्रजीच बोलत, म्हणून काही शाळा एका घरी एकच विद्यार्थी देत. त्यातली उणीवही उघड होती. जादा खोली असते ती मध्यमवर्गाकडे. त्यामुळे विद्यार्थ्याला दिसे तो मध्यमवर्गीय मेक्सिको. मोरेलोसच्या खेड्यांतली नाहुआट्ल भाषा त्याच्या कानावर क्वचितच पडे.

इलिच यांचा रोख याहून कडवा होता. १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी तोंडावर सांगितले की तुमची परोपकारी मदत इथे नको. पाहायला, शिकायला या. १९६९ च्या जानेवारीत व्हॅटिकनने पाद्र्यांना आणि जोगिणींना सिडोकमध्ये जायला बंदी घातली. ती काही महिन्यांतच सैल झाली. पण संस्था मोठी झाली की ती स्वतःसाठीच जगू लागते, हे मत इलिच यांनी आपल्याच केंद्रालाही लावले. १९७६ मध्ये सहकाऱ्यांच्या संमतीने सिडोक बंद झाले.  

भाषावर्ग मात्र बंद पडले नाहीत. सिडोकच्या काही शिक्षकांनी गावात स्वतःच्या शाळा काढल्या, अमेरिकन विद्यापीठांनी त्यांच्याशी करार केले आणि एका सत्राचे गुण पदवीत धरले जाऊ लागले. पाद्र्यांची जागा विशीतल्या मुलामुलींनी, परिचारिकांनी आणि शिक्षकांनी घेतली.

या धंद्याला मोठा फटका बसला तो २००९ मध्ये. एप्रिलमध्ये मेक्सिकोत स्वाइन फ्लूची साथ पसरली. १६ डिसेंबरला नौदलाच्या सैनिकांनी अमली पदार्थांचा म्होरक्या आर्तुरो बेल्त्रान लेव्हा याला क्वेर्नावाकातच चकमकीत ठार केले. पाठोपाठ शहरात टोळ्यांचे रक्तपात सुरू झाले, विद्यापीठांनी विद्यार्थी पाठवणे थांबवले आणि कित्येक घरांतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. यातले काही विद्यार्थी ग्वाटेमालातल्या अँटिग्वासारख्या गावांकडे वळले. तिथे १९६९ पासून एक संस्था स्पॅनिश शिकवून मिळणाऱ्या पैशांतून माया भाषांच्या अभ्यासाचे काम करत आली आहे. एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक, ही तिथली रूढ पद्धत. आणि विद्यार्थ्याची राहण्या-जेवणाची सोय तिथेही बहुधा गावातल्या कुटुंबातच होते.