‘बौद्धिक’ कुठून आले

नांदेड-लातूरकडे कुणी चहाच्या टपरीवर लांबण लावली की ऐकणारा शेजाऱ्याला कोपर मारतो, “झालं, यांचं बौद्धिक सुरू झालं.” बोलणाऱ्याचा संघाशी संबंध असो-नसो, शब्द तिथलाच.

मुळात हे विशेषण. मासिक पत्राचे ‘मासिक’ झाले, तसे बौद्धिक वर्गाचे ‘बौद्धिक’. 1925 साली नागपुरात सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघात दंड, कवायत, खेळ म्हणजे ‘शारीरिक’ आणि बसून ऐकायचे ते ‘बौद्धिक’. अशी जोडी जमल्यावर मागे वर्ग, कार्यक्रम असे काही लावायची गरज उरली नाही. जोडीतले शारीरिक शाखेतच राहिले. बौद्धिक गावात हिंडू लागले.

ते समोरच्या घरातही गेले. 1941 साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलातही बौद्धिकच होई. परंपरा जपायला सांगणारे आणि परंपरा तपासायला सांगणारे, दोघांनी एकच शब्द वापरावा, याची मला गंमत वाटते.

घाट मात्र दोघांच्याही आधीचा असावा. संघाच्या बौद्धिकाआधी सुभाषित, अमृतवचन, मग गीत, आणि नंतर वक्ता. आधी मन स्थिर करायचे, मग विषय काढायचा, हे कीर्तनकाराला कुणी शिकवायला नको. टाळ-मृदंग वजा केले की कीर्तनाचे बौद्धिक होते, असे माझे मत. मध्येच हात वर करून प्रश्न विचारायची रीत दोन्हीकडे नाही.

मराठवाड्यात बोलणे सोपे नव्हते. निजामाच्या राज्यात जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे. तेव्हा विचार पेरले गेले ते शाळांतून. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत. त्यांच्याच प्रेरणेने 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि पुढे तिथले प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर. सेवा दलाच्या मुशीतल्या या माणसाने मनुस्मृतीवर लिहिले, संघविचाराचीही चिकित्सा केली, आणि प्रतिपक्षाची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडून मग खोडली. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला, व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले.

लातुरात दुसरी परंपरा मुरली. 1966 साली डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. कुकडे संघाचे कार्यकर्ते. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल 1965 मध्ये, दीनदयाळ उपाध्यायांनी मुंबईत सलग चार दिवस एकात्म मानववाद मांडला होता. चार दिवस, चार व्याख्याने. जनसंघाच्या आणि पुढे भाजपच्या अभ्यासवर्गांना त्यातून पाठ्यपुस्तकच मिळाले. आता त्या वर्गांना ‘प्रशिक्षण’ म्हणतात. शब्द कोरडा आहे, पण प्रमाणपत्रावर शोभतो.

एक गोष्ट राहिली. भाषण करतात, व्याख्यान देतात. बौद्धिक मात्र ‘घेतात’. तास घेतात, वर्ग घेतात, तसेच. म्हणजे गळून पडलेला ‘वर्ग’ क्रियापदात अजून शिल्लक आहे. म्हणून तर जेवताना वडील सुरू झाले की मुलगी म्हणते, “बाबा, माझं बौद्धिक घेऊ नका,” आणि वडील भाकरी मोडत पुढचा मुद्दा काढतात.