निजामशाही कुठे होस्ट केली होती?

वेबसाइटचं होस्टिंग बदलायचं म्हटलं की धंदेवाल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. कापड बाजारातलं दुकान असो की नगरच्या एमआयडीसीतलं वर्कशॉप, मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आता आमचं नाव बदलणार का?" नाही हो, नाव तेच राहतं. फक्त जागा बदलते. हे ऐकून मालकाचा चेहरा आणखी संशयी होतो, कारण त्याच्या डोक्यात दुकानाचं नाव आणि दुकानाचा गाळा ही एकच गोष्ट असते.

त्यात त्याची काही चूक नाही. इंटरनेटवाल्यांनाही हा फरक नीट मांडायला १९८३ साल उजाडलं. त्याआधी कुठलं नाव कुठल्या मशीनचं, याची एकच यादी असायची. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची टीम ती यादी सांभाळायची. मशीन बदललं की त्यांना कळवायचं, मग त्या यादीत दुरुस्ती करणार, मग जगभरातल्या लोकांनी ती नवी यादी उतरवून घ्यायची. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिसने डीएनएसचा आराखडा मांडला आणि हे काम वाटून टाकलं. नाव तुमचं. ते सध्या कुठल्या पत्त्यावर आहे हे सांगायची जबाबदारीही तुमची. विचारणाऱ्याने दर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं.

हे लिहिताना लक्षात आलं की नगर जिल्ह्याने हा प्रकार डीएनएसच्या चारशे वर्षं आधी करून पाहिलाय. तोही एकदा नाही, बरेचदा.

सुरुवातीपासून बघू. बहमनी राज्याचा वजीर मलिक हसन याचा मुलगा मलिक अहमद. त्याचं बस्तान जुन्नरला. २८ मे १४९० ला त्याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि तो स्वतंत्र झाला. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, सीना नदीकाठी त्याने नवं शहर वसवायला घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. जुन्नर चांगलं होतं की, मग का हलला? फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणापासून नगरमध्येच वाढलेला. तो कारण सांगतो ते एकदम व्यवहारी आहे. अहमदला दौलताबादचा किल्ला हवा होता आणि जुन्नरहून तो फार लांब पडत होता. नगर साधारण मधोमध. म्हणजे आजच्या भाषेत, आपलं गिऱ्हाईक जिथून येतं त्याच्या जवळचा सर्व्हर घेतला. १४९९ मध्ये दौलताबाद मिळालंसुद्धा.

पुढची शंभर वर्षं राज्याने याच जागेत खोलवर मुळं धरली. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ च्या दरम्यान मातीच्या किल्ल्याचा दगडी किल्ला केला. आसपासच्या टेकड्यांकडून नहरी आणून, खापरी नळांतून शहरात पाणी खेळवलं. १५८३ मध्ये तळ्याच्या मधोमध फराहबाग उभी राहिली. छानच. पण आपल्या धंद्यातल्या माणसाला इथे धोक्याची घंटा ऐकू येते. नहर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वेबसाइटमध्ये एखाद्याने सर्व्हरचा आयपी पत्ता थेट कोडमध्ये लिहून ठेवला, किंवा फोटोंचे रस्ते त्याच मशीनच्या फोल्डरला चिकटवले, की तेही नहरीसारखंच होतं. चालू असतं तोवर कुणाला दिसत नाही. हलवायच्या दिवशी मात्र तेवढंच मागे राहतं.

हलवायची वेळ आलीच. १५९५ च्या शेवटी मोगलांनी नगरला वेढा घातला. चांदबिबीने तेव्हा किल्ला राखला, वऱ्हाड देऊन तह केला. पण ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. त्याआधीच चांदबिबीला तिच्याच लोकांनी मारलं होतं. लहानगा बहादूर निजामशहा मोगलांच्या हाती लागला आणि त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. जागा गेली आणि नावही गेलं, एकाच दिवशी. कारण दोन्ही एकाच तटाच्या आत होतं.

नियमाप्रमाणे इथे निजामशाही संपायला हवी होती. मोगलांनीही तसंच धरलं होतं. पण मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने राजघराण्यातला एक वारस शोधून काढला आणि त्याच वर्षी परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं. परांडा आजच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे नगर शहरापासून चांगलाच लांब. तरी राज्य कुठलं? नगरचंच. आजही पुस्तकांत 'अहमदनगरची निजामशाही' असंच लिहितात. नगर हातात नसतानाही!

मग पत्ता बदलत गेला. परांड्याहून कारभार जुन्नरला आला, म्हणजे फिरून पहिल्याच होस्टकडे. १६१० मध्ये अंबराने दौलताबादजवळच्या खडकी गावी नवी राजधानी वसवायला घेतली. गंमत म्हणजे त्याच सुमाराला त्याने नगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला होता, आणि तरी तो राजधानी घेऊन नगरला परतला नाही. एकदा जो किल्ला पडला त्यावर पुन्हा सगळा भार टाकायचा नाही, असा हिशेब असावा असं मला वाटतं. तो बरोबरच ठरला म्हणायचा, कारण १६१७ मध्ये नगरचा किल्ला पुन्हा मोगलांना द्यावा लागला आणि कारभार तरी चालूच राहिला.

खडकीत अंबराने काय केलं? पाण्यासाठी पुन्हा नहर बांधली. जे हलवता येत नाही ते नव्या जागी नव्याने बांधावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही. पण एक मोठी गोष्ट त्याला हलवावी लागलीच नाही: त्याची महसुलाची पद्धत. जमिनीची प्रतवारी, सरासरी पीक आणि त्यावर ठरवलेला धारा ही पद्धत कुठल्याच किल्ल्यात बंद नव्हती. ती गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात होती. राजधानी परांड्यात असो की खडकीत, वसूल येत राहिला. याला म्हणतात डेटा आणि सर्व्हर वेगळे ठेवणं.

१६२४ ची भातवडीची लढाई नगर तालुक्यातलीच. अंबराने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना हरवलं. दोन वर्षांनी तो वारला. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, आणि १६०० चाच प्रयोग पुन्हा झाला. निजामशहा मोगलांच्या कैदेत गेला, त्याचीही रवानगी ग्वाल्हेरला. आता नाव कुणी उचललं? शहाजीराजे भोसल्यांनी. त्यांनी घराण्यातला एक लहान मुलगा संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने जवळजवळ तीन वर्षं राज्य चालवलं. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर मोगल आणि विजापूरकरांनी मिळून कोंडी केली, मुलगा त्यांच्या स्वाधीन करावा लागला आणि निजामशाही खऱ्या अर्थाने ऑफलाइन गेली. नाव वाचलं तोवर राज्य वाचलं होतं.

इथे उपमा थांबवतो, कारण ही 'नावं' म्हणजे जिवंत माणसं होती, आणि बरीचशी पोरं. ग्वाल्हेरला गेलेल्या बहादूरसाठी कुठला बॅकअप नव्हता. ज्यांच्या नावाने राज्य चाललं त्यांना कुणी काही विचारलंही नसणार. आपण सर्व्हर पुसतो तेव्हा एवढं काही पणाला लागत नाही, हे आपलं नशीब.

पण धंदेवाल्याला जो धडा घ्यायचा तो यात आहेच. नाव आणि जागा एकाच माणसाच्या हातात देऊन निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे सर्रास काय चालतं? ज्याने वेबसाइट बनवली त्यानेच डोमेन घेतलं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात. होस्टिंगही त्याचंच. त्याचा फोन लागेना झाला की किल्ला आणि राजा दोन्ही गेले. मोठ्या प्रमाणावर हे देशाने पाहिलंय. नेट फोर इंडिया ही एकेकाळची नावाजलेली कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर ग्राहकांना स्वतःचं डोमेन ना नूतनीकरण करता येईना, ना दुसरीकडे नेता येईना. शेवटी २०२१ मध्ये आयकॅन या डोमेनांच्या जागतिक संस्थेने कंपनीची मान्यता काढून घेतली आणि तिच्याकडची .कॉमसारखी नावं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली. होस्टिंग बंद पडलं तर दोन दिवसांत नवं घेता येतं. नाव अडकलं तर वाट बघण्यापलीकडे हातात काही नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डोमेन मालकाच्या स्वतःच्या खात्यात आणि मालकाच्या ईमेलवर आहे का ते बघा. मग फाइल्स आणि डेटाबेस यांची प्रत काढा आणि ती दोन्हीकडच्या होस्टिंग कंपन्यांपासून वेगळी, स्वतःजवळ ठेवा. नव्या जागी सगळं उभं करून तपासा, नहरी कुठे कुठे आहेत ते शोधा. पत्ता बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लोकांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणा, म्हणजे दिवसभराचा घोळ पाच मिनिटांवर येतो. ईमेलच्या नोंदी वेगळ्या असतात, त्या विसरलात तर वेबसाइट झकास दिसेल आणि ऑर्डरी मात्र येणार नाहीत. आणि जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, आठ-पंधरा दिवस राहू द्या.

जाता जाता उलटा प्रकारही सांगायला हवा. जागा तीच आणि नाव नवं. खडकीचं फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नगरचंही तेच. अहिल्याबाईंच्या जन्मगावी, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला ३१ मे २०२३ ला घोषणा झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ही झाली डोमेन बदलण्याची गोष्ट, आणि ती होस्टिंग बदलण्यापेक्षा जास्त किचकट. पाट्या, लेटरहेड, बिलबुकं, लोकांच्या तोंडातलं नाव, सगळीकडे जुना पत्ता शिल्लक असतो. तिथे लागतो रीडायरेक्ट: जुन्या नावाने आलेल्याला नव्या नावाकडे नेऊन सोडणारा. नगरकरांनी त्याची सोय आधीच करून ठेवलीय. ते पूर्वीही 'नगर' म्हणायचे, आताही 'नगर'च म्हणतात. दोन्ही नावं बरोबर एकाच स्टँडवर उतरतात.

असो. डोमेन कधी संपतंय ती तारीख आजच बघून घ्या. बाकीचं सोमवारी.